खोळीवरचा डाग आणि रंगाचे गणित

तुमच्या घरी सोफा, दिवाण किंवा निदान दोन गुबगुबीत खुर्च्या असतील, तर त्यांच्यावर कापडी खोळी असतील. आणि खोळी असतील तर त्यांवर डागही असतील. पाहुणे यायचे झाले की आपण डागाची बाजू खाली करतो, नाहीतर त्यावर नक्षीचा रुमाल पसरतो. आणि पाहुणा नेमका तोच रुमाल उचलून बाजूला ठेवतो!

आमच्या सोफ्याच्या खोळी माझ्या आईने शिवलेल्या आहेत. जाड सुती कापड, सायीसारखा फिकट रंग, आणि कडेने तिने लाल दोऱ्याने घातलेली साखळी टाक्याची वेल. आता तिची नजर पूर्वीसारखी राहिलेली नाही, त्यामुळे तशा खोळी पुन्हा होणे नाही. बैठकीच्या खोळीवर कपभर चहा सांडून वाळलेला. पाठीच्या खोळीवर, जिथे डोके टेकते तिथे, खोबरेल तेलाचा मोठा गोल. हाताच्या खोळीवर हळदीचा पिवळा पट्टा. घरात नव्या खोळींची चर्चा सुरू झाली, तेव्हा आई म्हणाली, “टाकायच्या कशाला? रंगव की. कॉलेजात मुलांना प्रकाश शिकवतोस ना? मग एवढे जमायला हवे.”

मी बाजारातून आकाशी रंगाची पुडी आणली. पुडीवरच्या सूचनेप्रमाणे बादलीत रंग, मीठ आणि धुण्याचा सोडा घालून खोळी रंगवल्या. वाळल्यावर पाहतो तो कापड सुरेख आकाशी झालेले; पण चहाचा डाग नकाशातल्या तळ्यासारखा स्पष्ट उठून दिसत होता, आणि तेलाच्या गोलाच्या जागी फिकट चट्टा राहिला होता. हळदीच्या पट्ट्याने तर बादलीत सोडा पडताच लाल रंग घेतला होता, आणि साध्या पाण्यात खळबळल्यावर तो पुन्हा पिवळा झाला होता. एकाच बादलीतून निघालेल्या तीन डागांनी तीन तऱ्हा का कराव्यात? खरे तर हा प्रश्न मी रंगवण्याआधी विचारायला हवा होता.

डाग ओळखायचा कसा?

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, खिडकी पुरते. डागाळलेले कापड टेबलावर पसरा आणि पाहा. चहाचा डाग गडद दिसतो, तेलाचाही गडद दिसतो. आता तेच कापड खिडकीसमोर धरून त्यातून पलीकडचा उजेड पाहा. चहाचा डाग अजूनही गडदच आहे. तेलाचा डाग मात्र भोवतालच्या कापडापेक्षा उजळ दिसू लागतो! भजी ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर तुम्ही हे कितीतरी वेळा पाहिले असेल. बुन्सेन या शास्त्रज्ञाने याच गोष्टीवरून तेलकट ठिपक्याचा प्रकाशमापक केला. त्याचे वर्णन जुन्या शालेय पुस्तकांत असे. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडला की ठिपका जवळजवळ दिसेनासा होतो, हे त्याचे तत्त्व.

असे का होते? कापसाच्या तंतूचा अपवर्तनांक सुमारे १.५५ आहे, हवेचा १. दोन तंतूंच्या मध्ये हवा असते. प्रकाशकिरण तंतूतून हवेत, हवेतून दुसऱ्या तंतूत असा जाताना प्रत्येक सीमेवर त्याचा काही भाग परत फिरतो. अशा असंख्य सीमा ओलांडताना प्रकाश सगळीकडे विखुरला जातो आणि त्याचा बराचसा भाग आपल्या डोळ्याकडे परततो. म्हणून कापूस पांढरा दिसतो. तंतूंमधल्या जागेत तेल शिरले की हवा हाकलली जाते. तेलाचा अपवर्तनांक तंतूच्या जवळपास असल्यामुळे सीमा जणू पुसल्या जातात. प्रकाश परत फिरण्याऐवजी पार निघून जातो. म्हणून समोरून पाहावे तर डाग काळपट, आणि मागून उजेड असेल तर उजळ. म्हणजे तेलाच्या डागाला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतोच. त्याने फक्त प्रकाशाची वाट बदललेली असते.

चहाचे तसे नाही. चहात टॅनिन जातीची तपकिरी द्रव्ये असतात आणि ती कापसाच्या तंतूला चिकटून बसतात. विचार करा, हे दुसरे काय आहे? हे रंगवणेच आहे! आपल्याकडचे रंगारी कापड रंगवण्याआधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून घेत आले आहेत, ते हिरड्यातल्या टॅनिनसाठीच. तेव्हा चहा सांडतो तेव्हा आपण नकळत, एका कोपऱ्यात, वेडावाकडा रंग देऊन ठेवतो. (हेच टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळे द्रव्य होते, जुन्या काळची काळी शाई याच रीतीने बनवीत. म्हणून चहाचा डाग असलेले ओले कापड गंजक्या बादलीत ठेवू नका. तपकिरी डाग काळा होईल.)

हळद ही तर जातीवंत रंगद्रव्य आहे. सुती कापड ती थेट रंगवते. आम्लात पिवळी आणि अल्कात लाल हा तिचा स्वभाव तुम्ही प्रयोगशाळेत पाहिला आहे. सोडा हा अल्क, म्हणून तो पट्टा लाल झाला. पण हळदीला एक मोठा शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. उन्हातील प्रकाशाने तिचा रेणू मोडतो. हळदीचा डाग धुऊन ओल्या कापडासह कडक उन्हात टाकावा, ही घरोघरीची रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे.

रंगावर रंग म्हणजे बेरीज नव्हे

पुष्कळांची कल्पना अशी असते की रंग म्हणजे भिंतीला द्यायच्या डिस्टेंपरसारखा थर. तो खालचे सगळे झाकून टाकतो. कापडाचा रंग तसा नसतो. तो तंतूच्या आत शिरतो आणि पारदर्शक राहतो. रंगीत काचेतून आपण खालचे चित्र पाहावे तसा हा प्रकार आहे. खालचा डाग कुठेही जात नाही. त्याच्यावर फक्त एक काच येते.

आता थोडे गणित करू या. पांढऱ्या प्रकाशाचे ढोबळमानाने निळा, हिरवा आणि तांबडा असे तीन भाग कल्पा. समजा, सायीच्या रंगाचे कापड प्रत्येक भागातला ८० टक्के प्रकाश परत पाठवते. चहाचा डाग निळा प्रकाश सर्वांत जास्त खातो, हिरवा त्याहून कमी, तांबडा सर्वांत कमी. म्हणून तर तो तपकिरी दिसतो. समजा, डागावरून निळा ३०, हिरवा ५० आणि तांबडा ७० टक्के परततो. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण क्रम खरा आहे.

या कापडाला फिकट आकाशी रंग दिला. हा रंग निळ्या प्रकाशातला ९० टक्के, हिरव्यातला ७० टक्के आणि तांबड्यातला ५० टक्के सोडतो असे धरू. गुणाकार करा. स्वच्छ कापडावरून आता निळा ७२, हिरवा ५६, तांबडा ४० टक्के येईल. म्हणजे छान आकाशी. डागावरून निळा २७, हिरवा ३५, तांबडा ३५. म्हणजे मळकट करडा! निळ्या भागात ७२ कुठे आणि २७ कुठे. मी नेमका असा रंग निवडला होता, जो निळा प्रकाश राखून ठेवतो. आणि डागाचे मुख्य काम निळा प्रकाश खाण्याचेच. डाग लपवण्याऐवजी मी त्याला उजेडात आणले.

मग रंग कोणता हवा? डाग जे खातो, तेच आधी खाऊन टाकणारा! गडद मरून रंग घ्या. तो निळा आणि हिरवा जेमतेम ५-५ टक्के सोडतो आणि तांबडा ३० टक्के. आकाशी झालेल्या खोळीवरच तो चढवला, तर गणितात आणखी एक गुणाकार वाढतो इतकेच. स्वच्छ भागावरून निळा ३.६, हिरवा २.८, तांबडा १२. डागावरून निळा १.३५, हिरवा १.७५, तांबडा १०.५.

चाणाक्ष विद्यार्थी येथे मला अडवतील. “सर, निळ्या भागात आधीचे गुणोत्तर ७२ ला २७ होते, आताचे ३.६ ला १.३५ आहे. गुणोत्तर तेच! मग डाग लपला कसा?” आक्षेप बिनतोड आहे, आणि आपला डोळा गुणोत्तरांनाच प्रतिसाद देतो हेही खरे. पण दोन गोष्टी आपण हिशेबात घेतल्या नाहीत. पहिली, आता खोळीवरून येणाऱ्या प्रकाशात निळ्याचा वाटाच इतका लहान आहे की त्यातला फरक एकूण रंगात बुडून जातो. उरला तांबडा, आणि तिथे १२ ला १०.५ हा फरक किरकोळ आहे. दुसरी गोष्ट, तंतूच्या आत न शिरता नुसत्या पृष्ठभागावरून परत येणारा प्रकाश. तो साधारण चार टक्के धरा. तो रंगाला भेटलेलाच नसतो, म्हणून तो पांढरा असतो आणि डागावर व डागाबाहेर सारखाच असतो. हे चार टक्के दोन्हीकडे मिळवा. निळा ७.६ ला ५.३५, तांबडा १६ ला १४.५ असे आकडे येतील. फिकट रंगात या चार टक्क्यांना कोणी विचारत नाही. गडद रंगात तेच डागावर पांघरूण घालतात.

मरूनच हवा असे नाही. तपकिरी, वाटाण्यासारखा नव्हे तर शेवाळासारखा गडद हिरवा, गडद निळा, काळा, सगळे चालतील. फिकट गुलाबी, आकाशी, लिंबोणी यांच्या वाटेला जाऊ नये.

आईला विचारले. मरूनमध्ये तिची लाल वेल दिसेनाशी होणार होती, कारण तो दोराही सुतीच. ती म्हणाली, “दिसली नाही तरी बोटाला लागेल.”

रंग चिकटतो कसा?

आपल्या दृष्टीने हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कारण न चिकटलेला रंग पाहुण्याच्या पांढऱ्या विजारीवर जातो.

कापूस म्हणजे सेल्युलोज. ग्लुकोजचे शेकडो, हजारो घटक एकापुढे एक जोडून झालेली लांबलचक साखळी. या साखळीवर ठिकठिकाणी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, असतात. सबंध रंगाईचा व्यवहार या जोड्यांभोवती फिरतो.

कृत्रिम रंगांचा जन्म एका फसलेल्या प्रयोगातून झाला. १८५६ साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी लंडनमध्ये क्विनाइन बनवायला गेला आणि त्याच्या भांड्यात जांभळे द्रव्य तयार झाले. ते रेशमावर झकास बसे. सुताला मात्र ते सहजी धरत नसे. त्यासाठी टॅनिनसारख्या मध्यस्थाची गरज पडे. १८८४ साली बॉटिगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काँगो रेड हा रंग शोधला. तो मात्र कोणत्याही मध्यस्थाशिवाय सुताला थेट रंगवी. अशा रंगांचे रेणू लांब आणि सपाट असतात. सेल्युलोजच्या साखळीला समांतर ते आडवे पडतात आणि दुबळ्या आकर्षणाने धरून राहतात. मीठ घालून उकळायच्या ज्या रंगपुड्या मिळतात, त्यांत बहुधा याच जातीचे रंग असतात. आकर्षण दुबळे, म्हणून प्रत्येक धुण्याला थोडा थोडा रंग सुटतो. यालाच आपण कच्चा रंग म्हणतो.

पक्का बंध हवा असेल, तर रंगाच्या रेणूने त्या हायड्रॉक्सिल गटाशी रासायनिक विक्रिया केली पाहिजे. हे साधायला पर्किननंतर जवळजवळ शंभर वर्षे लागली. इंग्लंडमधील आय. सी. आय. कंपनीतल्या रॅटी आणि स्टीफन या दोघांनी १९५४ च्या सुमारास ही किमया केली आणि १९५६ साली, म्हणजे पर्किनच्या शोधाच्या शताब्दी वर्षी, ‘प्रोशियन’ या नावाने ते रंग बाजारात आले. थंड पाण्यात, सोडा घालून वापरायचे रंग ते हेच. बाटिकचे छंदवर्ग चालवणाऱ्यांच्या ते ओळखीचे आहेत. मेण वितळू न देता रंगवायचे तर पाणी थंडच लागते.

रंगांच्या रसायनशास्त्रात आपल्या मुंबई-पुण्याचाही वाटा आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ साली सुरू झाला, तेव्हापासून वस्त्ररसायन हा तिथे शिकवला जाणारा विषय होता. त्या विभागाचे संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन हे १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगद्रव्यांवरील त्यांच्या संपादनाखालचे इंग्रजी खंड जगभरच्या रसायनशास्त्रज्ञांनी वापरले आहेत.

असो. बादलीकडे परत येऊ. सुती कापड पाण्यात गेले की त्याच्या पृष्ठभागावर थोडा ऋण विद्युतभार येतो. रंगाचे रेणूही पाण्यात विरघळून ऋणभारित झालेले असतात. सजातीय भार एकमेकांना दूर लोटतात हे तुम्ही आठवीपासून शिकत आला आहात. येथेही तेच घडते. रंग पाण्यात आनंदात राहतो आणि कापडाकडे जायला राजी नसतो. आता मीठ घाला. मिठातले सोडियमचे धन आयन तंतूभोवती गोळा होतात आणि त्याचा ऋणभार झाकून टाकतात. अडसर दूर झाला की रंग कापडाकडे सरकतो. मिठामुळे रंग पक्का होतो, असे पुष्कळ लोक समजतात, ते बरोबर नाही. मीठ रंगाला फक्त दारापर्यंत आणून सोडते.

दार उघडतो तो सोडा. सोड्याच्या अल्क द्रावणात सेल्युलोजचे काही हायड्रॉक्सिल गट आपला हायड्रोजन सोडून क्रियाशील होतात आणि रंगाच्या रेणूशी सहसंयुज बंधाने जोडले जातात. आता हा रंग कापडाचाच भाग झाला. पण गंमत अशी की पाण्यालाही असाच गट आहे! सोडा पडताच काही रंग कापडाऐवजी पाण्याशीच विक्रिया करून बसतो आणि मग तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी रंग आणि मीठ, रंग कापडाकडे ओढला गेला की मगच सोडा. सोडा घातलेले पाणी उद्यासाठी झाकून ठेवले, तर उद्या त्यात रंग दिसेल, पण तो बसणार नाही. आणि पहिल्या दोन-तीन धुण्यांत जो रंग जातो, तो बहुतांशी हा वाया गेलेला भाग असतो. तो गरम साबणाच्या पाण्याने काढून टाकावाच लागतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबायचे नाही.

टेरिलीनचा हट्ट

१९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी टेरिलीन, म्हणजे पॉलिएस्टर, शोधले. त्याच्या साखळीवर रंगाला धरायला हायड्रॉक्सिलची अशी रेलचेल नाही, आणि पाणीही त्यात फारसे शिरत नाही. त्याला वेगळ्या जातीचे रंग लागतात आणि ते आत जाण्यासाठी कारखान्यात बंद भांड्यात दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअस तापमान वापरतात. उघड्या पातेल्यातले पाणी तर शंभरच्या वर जात नाही. घरच्या घरी टेरिलीनच्या खोळी गडद रंगवण्याच्या भानगडीत पडू नका. टेरिकॉटच्या खोळीत सुताचा भाग रंगेल आणि टेरिलीनचा तसाच राहील. म्हणजे ठरवलेल्या गडद रंगाऐवजी फिकट, धुरकट छटा मिळेल.

खोळ कशाची आहे हे ओळखायला शिवणीच्या आतला एक धागा काढा आणि मोठ्या माणसांच्या देखत चिमट्यात धरून पेटवा. सूत कागदासारख्या वासाने जळते आणि मऊ राख उरते. टेरिलीन वितळत जळते आणि टोकाला कडक मणी राहतो. मण्याला लगेच बोट लावू नका, चांगलेच पोळते.

कापड तपासले तरी दोरा तपासायला आपण विसरतो. मीही विसरलो. आईने मशीनवर टीप मारताना टेरिलीनचा दोरा वापरला होता, आणि गडद मरून खोळींवर आता सगळ्या टिपा पांढऱ्याशुभ्र दिसतात. पाहुण्यांना ती मुद्दाम केलेली किनार वाटते. आम्हीही काही बोलत नाही.

प्रत्यक्ष कृती

सर्वप्रथम डाग स्वच्छ करा. जाईल तेवढा जाऊ द्या. तेलकट खोळ साबण आणि सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून घासा. मग चाचणी घ्या. वाळलेल्या खोळीवर पाण्याचा थेंब टाका. केशाकर्षणाने तो क्षणात शोषला गेला तर ठीक. मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे अजून तेल आहे, आणि जिथे पाणी शिरत नाही तिथे पाण्यात विरघळलेला रंग कसा शिरणार? आमच्या पाठीच्या खोळीवर हेच झाले. आकाशी रंग त्या गोलात पोचलाच नाही. पुढे तेल काढून मरून रंग दिला, तरी त्या जागी गुणाकारातला एक गुणक कमीच राहिला. तो गोल आजही जरा उजळ आहे.

विरंजक द्रव टाकून चहाचा डाग तेवढाच उडवायचा मोह होतो. रंगीत कापडावर त्याने डागाच्या जागी पांढरा ठिपका पडतो, आणि जास्त वेळ राहिला तर सूत कुजके होते. आणि हे नीट लक्षात ठेवा: विरंजक द्रव आणि संडास-मोरी धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो फुफ्फुसांना घातक आहे.

आता मापे. खोळी कोरड्या असताना वजन करा. एक किलो कापडाला वीस लिटर पाणी, म्हणजे मोठी बादली किंवा टब. गडद रंगासाठी कापडाच्या वजनाच्या दोन ते चार टक्के, म्हणजे २० ते ४० ग्रॅम रंग. मीठ लिटरला सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे एकूण किलोभर. (वाण्याने माझ्याकडे संशयाने पाहिले होते.) धुण्याचा सोडा लिटरला १० ग्रॅम, म्हणजे २०० ग्रॅम. पुडीवरची मापे वेगळी असतील तर पुडीचे ऐका. रंगाची भुकटी बारीक असते, ती श्वासावाटे जाऊ नये म्हणून नाकाला रुमाल बांधा. हातात रबरी मोजे घाला. सोड्याचे पाणी कातडीला चांगले नाही. प्लास्टिकची बादली किंवा स्टीलचा टब घ्या, आणि एकदा रंगाला वापरलेले भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.

खोळी आधी साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. कोरड्या कापडाच्या तंतूंत हवा अडकलेली असते. तिच्यामुळे रंग काही ठिकाणी लवकर, काही ठिकाणी उशिरा पोचतो आणि चट्टे पडतात. पाण्यात खोळी कोंबू नका, मोकळ्या फिरल्या पाहिजेत. सतत ढवळा. हे नुसते सांगण्यापुरते नाही. तंतूला लागून असलेल्या पाण्यातला रंग तंतू शोषून घेतो, तिथे पाणी फिके होते, आणि नवा रंग केवळ विसरणाने, मुंगीच्या पावलांनी, तिथपर्यंत येतो. ढवळल्याने ताजे पाणी तिथे पोचते. घडीच्या आत मात्र ते पोचत नाही; तिथली फिकट रेघ हा आळशीपणाचा लेखी पुरावा असतो. मीठ दोन-तीन हप्त्यांत, वीसेक मिनिटांत घाला. नंतर सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, खोळी बाजूला सारून ओता, आणि पुढे तासभर अधूनमधून ढवळत राहा.

सोडा घालायच्या आधी खोळी काळ्याकुट्ट वाटतील. घाबरू नका. ओले कापड नेहमीच गडद दिसते, आणि त्याचे कारण तुम्हांला आता माहीत आहे. तेलाच्या डागाचेच ते कारण! पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे हवेपेक्षा तंतूच्या जवळचा. सीमेवर परत फिरणारा प्रकाश कमी होतो, किरण कापडात खोलवर जातो, वाटेत रंगाचे जास्त रेणू भेटतात आणि जास्त प्रकाश शोषला जातो. पाणी उडून गेले की हवा परत येते आणि रंग उजळतो. म्हणून छटा ठरवायची ती त्याच कापडाचा तुकडा रंगवून, वाळवून आणि दिवसाच्या उजेडात पाहून. दिव्याच्या प्रकाशात निरनिराळ्या तरंगलांब्यांचे प्रमाण सूर्यप्रकाशासारखे नसते, त्यामुळे रात्री जुळलेले दोन रंग सकाळी भांडताना दिसू शकतात.

खोळीची लांबी-रुंदी आधी मोजून ठेवा. आयुष्यात प्रथमच गरम पाणी पाहणारे सुती कापड आटते, आणि मग रंग कितीही सुरेख आला तरी उशी आत शिरत नाही.

शिक्षकांना वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. मांजरपाटाच्या पाच पट्ट्या घ्या. एकीवर गार झालेल्या चहाचा, दुसरीवर खोबरेल तेलाचा, तिसरीवर हळदीच्या पाण्याचा डाग पाडा. चौथी कोरी ठेवा. पाचवीला टेरिलीनच्या दोऱ्याने टीप मारा. सगळ्या एकाच बादलीत रंगवा, पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी फिकट निळा आणि निम्म्यांनी गडद मरून रंग घ्यावा. काय दिसेल ते आधी वहीत लिहून घ्या.

शेवटी, रंगलेल्या पट्टीचा एक तुकडा आणि हळदीने रंगवलेला एक तुकडा दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवा, दोहोंचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून. हळद काही दिवसांतच आपला निकाल देईल. दुसऱ्या तुकड्यासाठी धीर धरावा लागेल. आमच्या खिडकीत मरून तुकडा ठेवून दोन महिने झाले. आई रोज विचारते, पण मी अजून पुठ्ठा उचललेला नाही.